साकू

वडगावात काही घरांतून अजून यंत्रमाग खडखडतात,
त्यातल्याच एका बंद पडलेल्या शेडात आमची दांडी आहे.
फरशीत मागाच्या बोल्टांची चार भोकं.
नवीन पोरांना मी तिथंच उभं करतो.
टाचा दोन भोकांच्या आत. एवढंच अंतर.

प्लेटी उद्यमबागच्या फौंड्रीतल्या.
वीसच्या म्हणून ओतल्या,
एक भरते वीस पाचशे, एक एकोणीस सातशे.
कुठली कुठल्या बाजूला, खडूनं लिहून ठेवलंय.
डावीकडं जड गेली
तर कंबर हळूहळू खोटं बोलायला शिकते.

शिवलीला आली तेव्हा सतरा वर्षांची.
घरी कन्नड, शाळेत कन्नड,
माझ्याशी मराठी,
अर्धं भाजीवालीकडून, अर्धं माझ्याच शिव्यांतून उचललेलं.
मोजते मात्र आपल्या भाषेत,
ओंदू, एरडू, मूरू.
मागं उभा राहून मी एक, दोन, तीन.
पाचाला दोघं बरोबरच पोचतो.

पहिले दोन महिने नुसती रिकामी दांडी.
रुसली.
‘अण्णा, झाडू मारायला शिकवालायस काय?’
म्हटलं, दांडी नाडीच्या गाठीवर आली पाहिजे,
नडगीला घासली तर घासू दे.
काखेत लिंबू आहे समज, रस काढ त्याचा.
श्वास छातीत नको, खाली,
पट्ट्याला आतून ढकल.
हिसका द्यायचा नाही. आधी दांडीतला सैलपणा ओढून घे,
टक् वाजेल लोखंडात,
मग जमीन पायानं लोट.
आणि आरशात काय बघालीस?
आरशात बघणाऱ्याची मान पहिली जाते.

मला कुणी असं सांगितलं नव्हतं
असं म्हणालो असतो, पण सांगितलं होतं.
निपाणीला, दोनशे दहाला,
पाठ कमानीसारखी वाकली तेव्हा
मागून कुणीतरी ‘थांब’ ओरडला, दोनदा.
टाळ्या जास्त जवळ होत्या.
कमरेत काहीतरी ओल्या सुतासारखं सुटलं.
आता थंडीत मोजे बायको चढवते,
आणि चढवताना काही बोलत नाही.

धारवाडच्या स्पर्धेला आठ दिवस राहिलेले.
एकशे साडेसत्तावीस.
शिवलीलानं हाताला खडू लावला, पट्टा आवळला, वाकली.
टक् वाजलं.
दांडी गुडघ्याशी आली आणि तिथंच राहिली.
तिच्या टी-शर्टावर घामाची एक रेघ होती, सरळ.
ती रेघ वाकताना मला दिसली.
पोरं ओरडालेली, चल, चल, चल,
आणि माझ्या तोंडातून आलं,
‘साकू.’

‘थांब’ का आलं नाही, माहीत नाही.
कदाचित तो शब्द माझ्यावर एकदा वापरून झाला होता.

तिनं सोडली नाही. खाली ठेवली,
कुल्ले मागं, मग गुडघे,
जशी न्यायची तशी.
पट्टा फेकला आणि बाहेर जाऊन
स्कूटरवर बसली, पाठ करून.
अर्ध्या तासानं आत आली,
‘एकशे वीस लाव’ म्हणाली.
एकशे वीस गेलं,
त्याबद्दल दोघंही काही बोललो नाही.

रविवारी बापाला घेऊन आली.
तीस वर्षं मागावर,
सुताचा बीम उचलताना दर दिवाळीत धरते कंबर.
त्यानं आधी भोकं बघितली,
चपलेनं एकावरची धूळ बाजूला केली,
इथं कुणाचा माग होता ते नाव सांगितलं,
मी कधी ऐकलेलं नव्हतं.
तिनं झाडूचा दांडा त्याच्या हातात दिला.
टाचा आत घेतल्या त्याच्या, पायानं.
एक तळवा मणक्यावर ठेवला.

‘अप्पा, बेन्नू नेट्टगे,’
आणि माझ्याकडं बघून, मराठीत,
‘तू मोज.’